दर चौथ्या फेकीला

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, तेव्हा मी साफ नाही म्हणाले होते. अंकात डॉक्टर लिहितात, संगणकाच्या चिपा बनवणारे लिहितात, औषधांच्या कारखान्यातले शास्त्रज्ञ लिहितात. मी आयुष्यभर फक्त दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. तसं मी म्हणालेही. "मग तेच लिहा की," संपादक म्हणाले, "फक्त नवऱ्याच्या सोडून." नवरा शेजारीच बसला होता. त्यानेच मान डोलावून लिहायला सांगितलं, म्हणून हे धाडस.

मी मूळची पुण्याची, प्लॅस्टिकमधली इंजिनिअर. आयर्लंडला आले ती इंजेक्शनच्या सिरिंजा बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे चौदा वर्षं गुणवत्ता तपासणी केली. तो कारखाना बंद झाला आणि पन्नाशीला टेकलेली मी घरी बसले. तेव्हा डब्लिनच्या सँट्री भागामागच्या औद्योगिक वसाहतीत डेक्लन नावाच्या एका उत्साही माणसाने ग्रामोफोनच्या तबकड्या छापायचा छोटा कारखाना काढला होता. त्याला साचे आणि प्लॅस्टिक कळणारं माणूस हवं होतं. मुलाखतीत त्याने विचारलं, "संगीतातलं काही कळतं?" मी म्हटलं, "काही नाही, पण खरखर कुठे आहे ते कळेल." "ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'छान, चालेल', आणि मला नोकरी लागली. गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होते.

लोकांना वाटतं, रेकॉर्ड म्हणजे म्युझियममध्ये ठेवायची वस्तू. तसं नाही. हल्लीची पोरंसुद्धा फोनवर सगळं फुकट मिळत असताना हौसेने तबकड्या विकत घेतात. माझी मुलगी इरा त्यातलीच. आम्ही तिच्या हट्टापायी घरात प्लेअर आणला तेव्हा माझा नवरा म्हणाला, "हलवायाच्या घरी मिठाईचा खर्च!"

काम सांगते, सोपं आहे. आधी गाणं एका मऊ लेपाच्या तबकडीवर कोरतात. तिच्यावरून धातूचे दोन साचे बनवतात, एक ए बाजूचा, एक बी बाजूचा. मग काळ्या प्लॅस्टिकचे दाणे वितळवून त्याचा पोळीच्या उंड्याएवढा गोळा करायचा, मधोमध छापील कागद ठेवायचा, आणि दोन साच्यांमध्ये वाफेवर दाबायचं. अर्ध्या मिनिटात तबकडी तयार. सगळा माल छापण्याआधी पाच नमुने काढतात. ते ऐकून 'चालेल' किंवा 'नाकारलं' असं लिहून सही करायची, ती सही माझी. माझ्या सहीशिवाय यंत्र पुढे हलत नसे. घरात माझं कुणी ऐकत नाही, त्यामुळे हा अधिकार मला फार आवडायचा.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. लेटरकेनीच्या हॉस्पिटलातल्या एका नागपूरकर डॉक्टरांनी स्वतःच्या आवाजातल्या गझला छापायला दिल्या होत्या. तीन वेळा नमुने परत पाठवले. आवाज मध्येच बेसूर लागतो, साचा तपासा, अशी तक्रार. शेवटी मीच फोन केला. "डॉक्टरसाहेब, एक्सरे चांगला निघालाय, हाडच मोडलंय त्याला आम्ही काय करणार?" पलीकडे ते इतके हसले की दर दिवाळीला अजून त्यांचा चिवडा येतो.

पण ज्याच्याबद्दल मला लिहायचं आहे तो मात्तेओ. इटलीतल्या प्रातो गावचा. रॅप करायचा. रॅप म्हणजे ठेक्यावर भराभर बोललेलं गाणं, हे मला इराने शिकवलं. इटलीत त्याचं वेगळं नाव होतं, ते इथे देत नाही. डब्लिनमध्ये मात्र तो एका कंपनीच्या ग्राहकसेवेत इटालियन लोकांच्या तक्रारी ऐकणारा, चाळिशीकडे झुकलेला, जरा पोक काढून चालणारा माणूस होता. त्याचा आधीचा अल्बम खूप वर्षांपूर्वी बऱ्यापैकी चालला होता. हा नवा त्याने सँट्रीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये, कपड्यांच्या कपाटात शिरून, कोटांच्या मध्ये उभं राहून रेकॉर्ड केला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. "मी प्रेसमध्ये गातो, तुम्ही प्रेसमध्ये छापा," हा त्याचा पहिला विनोद, आणि बराच काळ शेवटचाही.

अल्बम त्याच्या वडिलांबद्दल होता. तिकडे वडिलांना बाब्बो म्हणतात. बाब्बो प्रातोतल्या एका लहानशा लोकरीच्या कारखान्यात जुने यंत्रमाग सांभाळायचे, बिघडले की दुरुस्त करायचे. आई गेली त्या हिवाळ्यात मात्तेओ इथे डब्लिनला होता. बापाने माग सोडला नाही आणि मी डब्लिन सोडलं नाही, अशी काहीशी सगळ्या गाण्यांची तक्रार होती. त्याने आठ गाण्यांचे अर्थ मला सांगितले, ते नंतर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एक अक्षर कळत नव्हतं आणि कळायची गरजही वाटली नव्हती.

इथेच माझी चूक झाली.

एक गणित आमच्या धंद्यात प्रत्येकाच्या हाडात मुरलेलं असतं. मोठी रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला एक पूर्णांक आठ दशांश सेकंद. साच्यावर ओरखडा असेल तर सुई दर फेऱ्याला त्याच्यावरून जाते आणि दर एक पूर्णांक आठ सेकंदांनी 'टक' वाजतं. असा ठोका ऐकला की डोळे मिटून नाकारायचं.

मात्तेओच्या नमुन्यात बी बाजूच्या दुसऱ्या गाण्यात ठोका होता. मी घड्याळ लावलं. एक पूर्णांक आठ. पुन्हा लावलं. तेच. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत घड्याळासारखा नियमित. नियम असा आहे की नाकारण्याआधी मूळ फाइल लावून ताडून पाहायची. मी पाहिली नाही. चौदा वर्षं सिरिंजा आणि सात वर्षं तबकड्या तपासलेल्या बाईला इतका स्वच्छ दोष ताडून कशाला बघायचा? मी लाल पेनाने लिहिलं : 'बी बाजू, गाणं दुसरं, सबंध गाणंभर ठोका, साचा सदोष, नाकारलं.' साचा मोडीत गेला. नवीन कोरायला पाठवला. आणि दोन आठवड्यांनी नवीन साच्याचे नमुने आले, त्यातही ठोका. तोच, तिथेच.

तेव्हा मी मूळ फाइल उघडली. ठोका फाइलमध्येच होता.

मात्तेओला बोलावून घेतलं. मी त्याच्यापुढे गाणं लावलं आणि म्हटलं, "हा आवाज तुमच्याकडूनच आला आहे, काढून द्याल का?" त्याने माझी लाल अक्षरातली चिठ्ठी वाचली. घडी घालून परत दिली. म्हणाला, "तो माझ्या बाब्बोचा माग आहे. आई हॉस्पिटलात होती तेव्हा दोन दिवसांसाठी घरी गेलो होतो. संध्याकाळी पोचलो तर बाब्बो घरी नव्हता, म्हणून कारखान्यात गेलो. तिथेही दिसला नाही, माग मात्र चालू होता. तो आवाज फोनवर घेतला. त्याच्यावरच हे सगळं गाणं बांधलंय. बाकी अल्बम खोटा असेल, हा ठोका खरा आहे."

कुणाच्या पुस्तकाला पहिला वाचक भेटावा आणि त्याने छपाईची चूक म्हणून मधलं प्रकरणच फाडून हातात द्यावं, असं मी केलं होतं. सॉरी म्हटलं. तो "नो, नो, यू आर ग्रँड" म्हणाला. आयर्लंडमध्ये राहिलेला माणूस दुखावला की हेच म्हणतो.

माझ्या चिठ्ठीमुळे महिना गेला. अल्बम ठरल्या दिवशी फोनवर ऐकायला आला, तबकड्या मात्र अजून साच्यांतच होत्या. आणि मग परीक्षणं आली. मात्तेओ जेवणाच्या सुट्टीत पाई घेऊन आमच्याकडे यायचा, डेक्लनच्या खोलीत बसून फोनवरून आम्हाला भाषांतर करून वाचून दाखवायचा. एकाला तो कारखान्यात पुटपुटणारा म्हातारा वाटला होता. एकाने लिहिलं होतं की या वयात माणसाने रॅप करू नये, केला तर वडिलांबद्दल करू नये. आणि एकाने तो ठोका खराब झालेल्या रेकॉर्डसारखा कानाला टोचतो असं म्हटलं होतं. हे वाचताना मात्तेओने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"आणि तुझे बाब्बो काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. चुलत बहिणीने त्यांना फोनवर लावून दिलं. ऐकलंय त्यांनी, दोनदा ऐकलंय म्हणते ती. मला एक शब्द बोलले नाहीत. पाच आठवडे झाले. आधी रविवारी फोन तरी उचलायचे."

परीक्षणांचं त्याला दुःख होतं, पण ते दुःख त्याला हाताळता येत होतं. बापाच्या गप्प बसण्याने मात्र त्याचा चेहरा उतरला होता. अल्बम सगळ्या इटलीने ऐकावा म्हणून केलेला नव्हता. तो एका माणसाने ऐकावा म्हणून होता, आणि त्या माणसाने ऐकून तोंड फिरवलं होतं.

पाचशे तबकड्या छापून, पाकिटांत भरून तयार झाल्या त्याच आठवड्यात त्याची मेल आली. सगळा माल नष्ट करा.

आमच्याकडे तशी सोय आहे. नाकारलेली तबकडी घ्यायची, मधला कागद ठोकून गोल कापून काढायचा, कारण कागदाचे कण प्लॅस्टिकमध्ये गेले की पुढचा माल खरखरतो. उरलेलं काळं कडं दळून पुन्हा दाणे करायचे. त्या दाण्यांतून दुसऱ्या कुणाचं तरी गाणं निघतं. मी स्वतः हजारो तबकड्यांचे मधले कागद ठोकले आहेत, कधी काही वाटलं नाही. ही मेल मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली.

डेक्लन म्हणाला, "युअर मॅनला तेच हवं असेल तर शुक्रवारी दळून टाकू." शुक्रवारी दळण असायचं; 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो गृहस्थ'.

आता मी जे केलं ते इथे पहिल्यांदाच कबूल करते. सिरिंजांच्या कारखान्यात एक नियम होता : मालाबद्दल शंका आली की त्याला लाल फीत बांधायची. फीत बांधलेल्या मालाला बांधणाऱ्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा नाही. डेक्लनच्या कारखान्यात हा नियम मीच आग्रह धरून आणला होता. गुरुवारी दुपारी मी मात्तेओच्या पाचशे तबकड्यांना लाल फीत बांधली. फॉर्मवर लिहिलं : 'तबकड्या वाकल्याची शंका, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणे.' तबकड्या आरशासारख्या सपाट होत्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीतली माझी ती एकमेव खोटी सही.

डेक्लनने फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फॉर्म वाचला. "जो माल दळायचाच आहे तो वाकलाय की नाही याची तुला का काळजी, मीना?" असं त्याने विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही. "नियम म्हणजे नियम," म्हणाला आणि चहा करायला गेला. म्हणून मला आयरिश माणसं आवडतात.

दोन आठवडे तर मिळवले, पण त्यांचं करायचं काय हे मला माहीत नव्हतं. मी पाचातला एक नमुना घरी आणला, ओंगारला.

त्या दिवसांत माझे सासरे, अण्णा, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. इचलकरंजीत त्यांनी चाळीस वर्षं यंत्रमागांवर जॉबर म्हणून काढली. जॉबर म्हणजे माग लावणारा, जुळवणारा, दुरुस्त करणारा. इथे त्यांना करायला काही नव्हतं. शेजाऱ्यांशी बोलता येत नाही, इरा बोलते ते कळत नाही. दिवसभर खिडकीत बसून समोरच्या एकसारख्या घरांकडे बघायचे. एकदा म्हणाले होते, "एका फनीतनं काढल्यागत हायत समदी घरं." फनी म्हणजे मागावरचा सुतं ओवायचा कंगवा.

शनिवारी सकाळी मी बैठकीत नमुना लावला. अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. ए बाजू झाली. बी बाजूचं पहिलं गाणं झालं. दुसरं सुरू झालं आणि अण्णा ताठ बसले.

"माग कुनाचा ह्यो?"

"अण्णा, गाणं आहे ते. इटालियन."

"गानं ऱ्हाऊ दे. माग कुनाचा?" ते उठून स्पीकरपाशी गेले, कान लावला, आणि बोटांनी हवेत मोजू लागले. "एक, दोन, तीन, ठक. एक, दोन, तीन, ठक. चार धोट्यांचा माग हाय. चौकड्याचं कापड असनार. दर चौथ्या फेकीला धोटा पेटीत आपटतोय बघ. आतली चामड्याची पट्टी पार झिजलीय."

धोटा म्हणजे सूत घेऊन मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी लाकडी होडी, एवढं मला लग्नानंतर शिकवलं गेलं होतं. दर धावेला फेक म्हणतात, आणि टोकाला तो ज्यात जाऊन थांबतो ती पेटी. मी गाणं थांबवलं आणि अण्णांना सगळं सांगितलं : मुलगा, बाप, अल्बम, पाच आठवड्यांचा अबोला.

अण्णा पुन्हा खुर्चीत येऊन बसले. मग म्हणाले, "बापाचा धंदा काय म्हनलीस?"

"तुमचाच. जॉबर."

"मग बोलंल कसा? पोरी, जॉबरचा माग असा ठोकतोय आनि त्येच्याच पोरानं त्यो साऱ्या मुलखाला ऐकवला. त्येला काय वाटलं आसंल? माजा माग कुनी असा वाजवला असता तर म्या गल्लीत तोंड दावलं नसतं."

इरा दारात उभी राहून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथल्या हेलातल्या इंग्रजीत. "मम, यू हॅव टू टेल हिम," ती म्हणाली. "लाइक, टुडे."

मी मात्तेओला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. काम आहे एवढंच सांगितलं. रविवारच्या दोन बसेस बदलून, हातात केकचा खोका घेऊन तो आला. अण्णांनी त्याला शेजारी बसवून घेतलं, दोन थालीपिठं खाऊ घातली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग त्येला."

मी सांगितलं. जॉबर म्हणजे काय, झिजलेली चामडी म्हणजे काय, आणि त्याच्या बापाला आपला बिघडलेला माग जगाने ऐकला म्हणून लाज वाटत असेल, हे सांगितलं. मात्तेओच्या हातातला घास हातातच राहिला.

"मला वाटलं, शब्दांमुळे," तो म्हणाला. "शब्द मी फार कडू लिहिलेत. ठोका तर मी प्रेमाने घेतला होता. लहानपणी घरी झोपताना असाच माग ऐकू येतोय असं वाटायचं."

"लाव फोन," अण्णा मराठीत म्हणाले. ते त्याला न सांगताच कळलं.

बाब्बोंनी पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला. पडद्यावर स्वयंपाकघर, गंजिफ्रॉकमधला एक पांढऱ्या मिशांचा माणूस, आणि कपाळाला आठ्या. मात्तेओ काही बोलायच्या आत अण्णांनी फोन त्याच्या हातातून घेतला, इराकडे धरायला दिला, आणि नमस्कार केला. मग डाव्या हाताची पेटी केली, उजव्या हाताचा धोटा केला, आणि तोंडाने आवाज काढत फेकू लागले. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला उजवा हात डाव्यावर आपटला. मग अंगठ्याने तर्जनीचं टोक घासून दाखवलं : चामडी झिजली.

पलीकडच्या आठ्या हळूहळू उलगडल्या. तो माणूस उठून गेला. रिकामं स्वयंपाकघर दिसत राहिलं. मात्तेओला वाटलं, गेले. पण ते परत आले, आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर बोटभर लांबीची एक चामड्याची पट्टी धरली. एका बाजूने कागदासारखी पातळ झालेली.

"बगा!" अण्णा ओरडले. "म्या काय म्हनलं!"

त्यानंतर पाच-सात मिनिटं दोन म्हातारे आपापल्या भाषेत एकाच वेळी बोलत होते आणि त्यांना दोघांना सगळं कळत होतं. आम्ही तिघं नुसते बघत होतो. मग बाब्बोंचा आवाज खाली आला. ते मुलाशी बोलू लागले. मात्तेओ ऐकत होता, भाषांतर करत नव्हता, आणि मीही विचारलं नाही.

शेवटी त्याने सांगितलं. गल्लीतली माग कळणारी सगळी माणसं ते गाणं ऐकून हसली असतील या धास्तीने बाब्बो पाच आठवडे बाहेर कॉफी प्यायला गेले नव्हते. नवीन पट्टी त्यांनी त्या हिवाळ्यात आणून खिशात ठेवली होती. ती बसवायला माग दोन तास थांबवावा लागतो, आणि तेवढे दोन तास संध्याकाळचेच मिळायचे. हॉस्पिटलात भेटायची वेळ तीच. म्हणून रोज माग शेजारच्या कामगारावर सोपवून, तसाच ठोकत ठेवून, ते बायकोपाशी जाऊन बसायचे. मात्तेओ कारखान्यात गेला तेव्हा ते तिथे नव्हते ते त्यामुळेच.

"बापाने माग सोडला नाही, असं मी आठ गाण्यांत म्हटलंय," मात्तेओ म्हणाला. "आणि माग ठोकत होता, कारण त्याने तो सोडला होता."

मी त्याच्या ताटात आणखी एक थालीपीठ वाढलं. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

फोन अजून चालू होता. बाब्बोंना आणखी काही सांगायचं होतं. ते जरा घुटमळले, मग बोट उगारून तक्रारीच्या सुरात बोलले. मात्तेओ आधी हसला आणि मग त्याने तोंड फिरवलं.

ए बाजूच्या तिसऱ्या गाण्यात एक ओळ आहे. तो पहिल्यांदा डब्लिनला निघाला तेव्हा विमानतळावर त्याला निरोप द्यायला कुणी आलं नव्हतं, अशी. बाब्बोंचं म्हणणं होतं, ते साफ चूक आहे. ते आले होते. पार्किंग मिळेना. धावत आत आले तोवर मुलगा तपासणीच्या पलीकडे गेला होता. काचेतून पाठ दिसली. निळं जॅकेट होतं, बॅगेचा एक पट्टा लोंबत होता.

"पट्टा लोंबत होता," मात्तेओ मला म्हणाला. "खरंच लोंबत होता."

मग त्याने मला कामाचं विचारलं. ती ओळ आता बदलता येईल का? मी म्हटलं, येईल, पण पुन्हा कोरायचं, पुन्हा साचे, आणि आहेत त्या पाचशे दळायच्या. त्याने ते बापाला सांगितलं. बाब्बोंनी हात झटकला. मात्तेओने भाषांतर केलं : "राहू दे म्हणतात. लोकांना काय करायचंय. तुला कळलं ना, झालं."

सोमवारी मी लाल फीत काढली. फॉर्मवर 'तपासले, माल योग्य' असं लिहून सही केली. ती सहीसुद्धा पूर्ण खरी नव्हती, कारण त्या पाचशे तबकड्यांत एक चूक आहे आणि ती मला ठाऊक असून मी पास केली आहे. मोठी परीक्षणं बदलली नाहीत. पाचशे तबकड्या संपायला वर्ष लागलं. अल्बम गाजला असं कुणीच म्हणणार नाही. पहिलीच तबकडी प्रातोला गेली. ती ऐकून बाब्बोंनी पत्र लिहून कळवलं की फोनपेक्षा हिच्यात माग जास्तच खराब वाजतो. डेक्लनने ते पत्र भिंतीवर लावलं, आमच्या छपाईची एवढी स्तुती कुणी केली नव्हती.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात, एका शनिवारी दुपारी, मात्तेओने शहरातल्या एका लहान रेकॉर्डच्या दुकानात ती गाणी म्हटली. तीसेक माणसं होती, बरीचशी इटालियन. मी आणि इरा मागे उभ्या होतो. तिसरं गाणं आलं, ती ओळ आली. इतक्या वेळा तपासल्यामुळे शब्द कळत नसले तरी ते गाणं मला तोंडपाठ होतं, आणि त्याने म्हटलेली ओळ तबकडीवरची नव्हती. समोरची इटालियन माणसं मोठ्याने हसली. त्यांना वाटलं, गंमत केली. तो मात्र हसला नाही, खाली बघून पुढचं म्हणू लागला. मला इटालियन येत नाही. पण 'पार्केज्जो', म्हणजे पार्किंग, एवढा एक शब्द मी ओळखला, आणि भर दुकानात मला रडू आलं.